स्टोक्सचा प्रश्न: केंब्रिज ते धाराशिव, एका परीक्षेचा इतिहास

१/२०
भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी. करणाऱ्या धाराशिवच्या विद्यार्थ्याला 'स्टोक्सचा सिद्धांत सांगा व सिद्ध करा' हे वाक्य चांगले ओळखीचे असते. विद्युतचुंबकत्वाच्या अभ्यासक्रमाचा तो उंबरठाच आहे. उत्तर पाठ असते, आकृती ठरलेली असते, गुणही ठरलेले असतात. परंतु हा सिद्धांत प्रथम छापला गेला तो कोणत्याही ग्रंथात वा शोधनिबंधात नव्हे. तो छापला गेला एका प्रश्नपत्रिकेत. वर्ष १८५४, स्थळ केंब्रिज. त्या परीक्षेला बसलेल्यांत बावीस वर्षांचा एक स्कॉटिश तरुण होता: जेम्स क्लार्क मॅक्सवेल. आजचा थ्रेड त्या प्रश्नाच्या प्रवासावर. हा प्रवास निजामाच्या मुलखातून, उर्दूतून आणि इंग्रजीतून आपल्या जिल्ह्यापर्यंत येतो.

२/२०
आधी सिद्धांत काय म्हणतो ते पाहू. नळदुर्गच्या किल्ल्यालगत बोरी नदीच्या पाण्यावर एक बंद वर्तुळ मनाशी आखा. त्या वर्तुळाच्या कडेने फिरत गेल्यास पाणी आपल्याला एकूण किती 'पुढे ढकलते', ही एक संख्या. वर्तुळाच्या आत पाण्यात असंख्य बारीक भोवरे आहेत. त्या सर्वांच्या फिरकीची बेरीज, ही दुसरी संख्या. स्टोक्सचा सिद्धांत सांगतो की या दोन्ही संख्या समान असतात. कारण शेजारशेजारच्या दोन भोवऱ्यांच्या सामाईक सीमेवर प्रवाह परस्परविरुद्ध असतात आणि एकमेकांना छेदतात. उरते ती केवळ बाहेरची कड. पाण्याऐवजी विद्युत वा चुंबकीय क्षेत्र घ्या. फॅराडे आणि अँपिअर यांचे नियम एका रूपातून दुसऱ्या रूपात नेण्याची किल्ली हाती येते.

३/२०
जॉर्ज गॅब्रिएल स्टोक्स हे १८४९ पासून केंब्रिजमध्ये गणिताचे ल्युकेशियन प्राध्यापक होते. न्यूटनने भूषविलेले हेच ते पद. जुलै १८५० मध्ये विल्यम थॉमसन (पुढे लॉर्ड केल्व्हिन) यांनी स्टोक्सना लिहिलेल्या पत्रात हे समीकरण आले होते. पत्र खासगी, जगाला त्याची वार्ता नव्हती. फेब्रुवारी १८५४ मध्ये 'स्मिथ पारितोषिका'च्या परीक्षेत स्टोक्सनी आठवा प्रश्न म्हणून तेच सिद्ध करावयास सांगितले. समोर बसलेल्या मुलांनी ते कोणत्याही पुस्तकात वाचलेले असणे शक्य नव्हते. उत्तर शोधूनच काढावे लागणार होते.

४/२०
स्मिथ पारितोषिकाच्या आधी 'मॅथेमॅटिकल ट्रायपॉस' ही मुख्य परीक्षा होत असे. तिच्या प्रथम श्रेणीत येणाऱ्यांना रँग्लर म्हणत आणि पहिला येणारा तो सीनियर रँग्लर. १८५४ साली सीनियर रँग्लर झाला एडवर्ड राउथ. मॅक्सवेल दुसरा आला. स्मिथ पारितोषिकात मात्र दोघे समान ठरले. दोघांचाही शिकवणीचा गुरू एकच: विल्यम हॉपकिन्स. विद्यापीठाच्या पगारी प्राध्यापकांपेक्षा या खासगी शिक्षकांच्या खोल्यांतच केंब्रिजचे खरे गणित शिकवले जात होते. हा तपशील लक्षात ठेवावा. पुढे भारताच्या संदर्भात तो निर्णायक ठरतो.

५/२०
परीक्षा संपली म्हणून प्रश्न संपला नाही. मॅक्सवेलने फॅराडेच्या 'बलरेषां'ना गणिताचे रूप देण्याचे काम हाती घेतले. १८५५-५६ चा पहिला निबंध, १८६१-६२ चा दुसरा, १८६५ चा तिसरा आणि अखेर १८७३ चा दोन खंडांतील विद्युत व चुंबकत्वावरील महाग्रंथ, अशी ही वाट आहे. त्या ग्रंथात हा सिद्धांत मांडताना मॅक्सवेलने तळटीपेत त्याचा उगम नोंदवला: स्मिथ पारितोषिक परीक्षा, १८५४, आठवा प्रश्न. एका प्रश्नपत्रिकेला विज्ञानाच्या महाग्रंथात असे मानाचे पान मिळाल्याची उदाहरणे विरळाच.

६/२०
येथे दोन अपवादांना नमस्कार करणे भाग आहे. मायकेल फॅराडे हा लोहाराचा मुलगा, पुस्तके बांधणाऱ्याकडे उमेदवारी केलेला. १८३१ साली विद्युतचुंबकीय प्रवर्तन त्याने दाखवले, पण उच्च गणित त्याला येत नव्हते. दुसरा ऑलिव्हर हेव्हिसाइड. शाळा सोळाव्या वर्षी सुटली आणि तो तारखात्यात नोकरीला लागला. मॅक्सवेलचा ग्रंथ त्याने एकट्याने वाचला. आज आपण जी चार समीकरणे मॅक्सवेलची म्हणून पाठ करतो, त्यांना ते आटोपशीर रूप हेव्हिसाइडने १८८०च्या दशकात दिले. दोघांपैकी कोणीही विद्यापीठाच्या परीक्षेला बसले नव्हते. तेव्हा परीक्षा हेच ज्ञानाचे एकमेव महाद्वार, असे इतिहास म्हणत नाही.

७/२०
तरीही विद्या पसरली ती परीक्षेच्याच वाटेने. १८४९ च्या सुमारास केंब्रिजने ट्रायपॉसच्या अभ्यासक्रमातून वीज, चुंबकत्व आणि उष्णता हे विषय वगळले होते. परिणाम सरळ होता: जे विचारले जाणार नाही, ते कोणी शिकेना आणि कोणी शिकवीना. १८६०च्या दशकात मॅक्सवेल स्वतः परीक्षक झाला आणि या विषयांवर प्रश्न घालू लागला. १८७३ पासून ते विषय अधिकृतपणे परत आले. त्याच वर्षी त्याचा ग्रंथही प्रसिद्ध झाला. ग्रंथ आणि प्रश्नपत्रिका हातात हात घालून आले, तेव्हाच विद्युतचुंबकत्व वर्गात शिरले.

८/२०
आणि गृहपाठ? त्याचा कारखाना चालवला त्याच एडवर्ड राउथने. मॅक्सवेलला मागे टाकून पहिला आलेला हा गणिती पुढे तीस वर्षे शिकवणी घेत राहिला आणि त्याच्या हाताखालून दोन डझनांहून अधिक सीनियर रँग्लर निघाले. त्याची पद्धत कडक होती. छोटे गट, दर आठवड्याला प्रश्नांचा कागद, तो तपासून गुण लावलेले, गुणांची यादी सर्वांसमोर आणि पाहण्यासाठी नमुना उत्तरे. 'पुस्तकातला प्रश्न' आणि 'स्वतः सोडवायचा प्रश्न' यांत तेथे स्पष्ट भेद होता. अंतिम परीक्षा हे त्या शेकडो आठवड्यांच्या सरावाचे केवळ शेवटचे पाऊल होते.

९/२०
आता १८५४ चीच दुसरी घटना. मॅक्सवेलने तो प्रश्न सोडवला त्यानंतर पाच महिन्यांनी, १९ जुलै १८५४ रोजी, ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांनी भारताच्या शिक्षणाविषयीचा खलिता रवाना केला. इतिहास त्याला 'वुडचा खलिता' म्हणतो. त्यातून १८५७ साली कलकत्ता, मुंबई व मद्रास ही तीन विद्यापीठे जन्मली. नमुना केंब्रिजचा नव्हता. तो होता तत्कालीन लंडन विद्यापीठाचा. म्हणजे शिकवणारे विद्यापीठ नव्हे, परीक्षा घेणारे विद्यापीठ. कायद्याच्या प्रास्ताविकातच उद्देश स्पष्ट आहे: परीक्षेद्वारे प्रावीण्य पडताळणे आणि पदवी देणे.

१०/२०
या निवडीमागे कारण होते. दूरदूर विखुरलेली महाविद्यालये, तुटपुंजा खर्च आणि सर्वांना एकच मापदंड लावण्याची सोय. परंतु तिची किंमतही होती. समुद्र ओलांडून अंतिम परीक्षा आली. दर आठवड्याचा तपासलेला कागद आला नाही. विद्यापीठाच्या कायद्यात प्रश्नपत्रिकेला स्थान होते, गृहपाठाला नव्हते. प्रश्न काढणारा एक, शिकवणारा दुसरा, तपासणारा तिसरा. आणि तिघांची एकमेकांशी ओळख नाही. अध्यापनाचे काम विद्यापीठांच्या कायद्यात आले ते १९०४ साली, म्हणजे जवळपास अर्ध्या शतकानंतर. तोवर सवयी पक्क्या झाल्या होत्या.

११/२०
या परीक्षेची पहिली धग महाराष्ट्राने १८५९ मध्ये अनुभवली. मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या प्रवेश परीक्षेला शंभराहून अधिक विद्यार्थी बसले आणि उत्तीर्ण झाले ते जेमतेम वीस-बावीस. त्यांत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. १८६२ मध्ये पहिले चार बी.ए. बाहेर पडले: रानडे, भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. आपल्या प्रबोधनाची एक पिढी या परीक्षेने घडवली, हे निर्विवाद. चाळणी किती बारीक होती, हेही तितकेच निर्विवाद.

१२/२०
केंब्रिजच्या मूळ आखाड्यात उतरून जिंकणारा पहिला भारतीय मराठीच होता. दापोली तालुक्यातील मुर्डी गावचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ मध्ये सीनियर रँग्लर झाले. आदल्या वर्षी दुसऱ्या क्रमांकाच्या मानकऱ्यांत जेम्स जीन्स होता. त्याने १९०८ मध्ये लिहिलेल्या विद्युतचुंबकत्वाच्या पाठ्यपुस्तकात प्रकरणांच्या शेवटी दिलेली अनेक उदाहरणे केंब्रिजच्या जुन्या परीक्षांतली होती. एका पिढीची प्रश्नपत्रिका पुढच्या पिढीचा गृहपाठ झाली, ती अशी. परांजपे मायदेशी परतले आणि पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्य म्हणून त्यांनी दीर्घकाळ गणित शिकवले.

१३/२०
परंतु पुणे-मुंबईचा हा इतिहास धाराशिवचा नव्हता. आपला जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. येथील मुलांचे विद्यापीठ म्हणजे हैदराबादचे उस्मानिया, स्थापना १९१८. योगायोग पाहा: ज्या मीर उस्मान अली खानाच्या नावाने धाराशिवला 'उस्मानाबाद' म्हटले गेले, त्याच्याच नावाने ते विद्यापीठही उभे राहिले. या विद्यापीठाने एक धाडस केले. इंग्रजी हा विषय सक्तीचा ठेवून उच्च शिक्षणाचे माध्यम मात्र भारतीय भाषा ठेवले. ती भाषा होती उर्दू. त्यासाठी १९१७ मध्येच 'दारुल तर्जुमा', म्हणजे भाषांतर विभाग, सुरू झाला होता.

१४/२०
या प्रयोगाकडे दोन्ही बाजूंनी पाहिले पाहिजे. विज्ञान परकीय भाषेतच शिकवता येते, हा समज उस्मानियाने खोटा ठरवला. वीज म्हणजे 'बर्क', चुंबक म्हणजे 'मक्नातीस'. या शब्दांनी पदवीचे भौतिकशास्त्र शिकवले गेले आणि त्याच शब्दांत परीक्षा दिली गेली. दुसरी बाजू अशी की संस्थानातील बहुसंख्य प्रजा मराठी, तेलुगू व कानडी बोलणारी होती. तुळजापूरच्या वा परांड्याच्या मराठी मुलासाठी उर्दू ही घरची भाषा नव्हती, सरकारची होती. इंग्रजीऐवजी उर्दू आली, तरी त्याच्या आणि सिद्धांताच्या मधली भिंत जागच्या जागीच राहिली.

१५/२०
या भिंतीला जिल्ह्यातूनच उत्तर मिळाले. आजच्या लोहारा तालुक्यातील हिप्परगा येथे १९२१ मध्ये राष्ट्रीय शाळा उभी राहिली. पुढे हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे अग्रणी झालेले स्वामी रामानंद तीर्थ या शाळेचे मुख्याध्यापक होते. उच्च शिक्षणासाठी मात्र हैदराबाद गाठावे लागे किंवा सरहद्द ओलांडून सोलापूर-पुण्याची वाट धरावी लागे. १९३८ मध्ये वंदे मातरम् चळवळीत उस्मानियातून विद्यार्थी काढून टाकले गेले. त्यांतील अनेकांना नागपूर विद्यापीठाने दार उघडले. परीक्षेला बसू देणे वा न देणे हे राज्यसत्तेच्या हातातले केवढे हत्यार असते, हे त्या पिढीने भोगून जाणले.

१६/२०
सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले. त्यानंतरचे दशक विद्यार्थ्यांसाठी विलक्षण होते. उस्मानियात उर्दूची जागा इंग्रजीने घेतली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला. २३ ऑगस्ट १९५८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठाचे उद्घाटन झाले. पहिले कुलगुरू सुंदरराव डोंगरकेरी. अवघ्या दहा वर्षांत परीक्षेची भाषा बदलली, राज्य बदलले, विद्यापीठ बदलले. 'बर्क' आणि 'मक्नातीस' मागे पडले, 'इलेक्ट्रिसिटी' आणि 'मॅग्नेटिझम' आले. 'विद्युतचुंबकत्व' हा मराठी शब्द कोशात स्थिरावला. पदवीच्या उत्तरपत्रिकेवर त्याचे राज्य मात्र आले नाही.

१७/२०
या दशकातला सर्वांत दूरदर्शी विचार डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा होता. १९२७ साली मुंबई कायदेमंडळात विद्यापीठ विधेयकावर बोलताना त्यांनी आपली भूमिका मांडली होती: उच्च शिक्षण गरजूंच्या आणि गरिबांच्या दारापर्यंत नेणे हे विद्यापीठाचे मूलभूत कार्य आहे. १९५० मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादला महाविद्यालय सुरू केले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले गेले. त्याच वर्षी नांदेडला पीपल्स कॉलेज उभे राहिले. ज्या विद्यापीठाला दीर्घ संघर्षानंतर १४ जानेवारी १९९४ रोजी बाबासाहेबांचे नाव मिळाले, त्याच्याकडून त्यांच्या या कसोटीची अपेक्षा करणे स्वाभाविक आहे.

१८/२०
धाराशिवच्या वाट्याला ती कसोटी अंतराच्या रूपाने आली. १९८२ मध्ये लातूर वेगळा जिल्हा झाला. १९९४ मध्ये नांदेडला स्वतंत्र विद्यापीठ झाले आणि लातूर तिकडे गेला. धाराशिव मात्र सुमारे अडीचशे किलोमीटर दूरच्या औरंगाबादशी (आजचे छत्रपती संभाजीनगर) जोडलेला राहिला. २००४ मध्ये विद्यापीठाचे उपकेंद्र येथे सुरू झाले, तेव्हा विद्यापीठाची स्वतःची अध्यापनशाळा प्रथमच जिल्ह्याच्या दारी आली. परीक्षा कधीचीच आली होती. शिकवणारे विद्यापीठ यायला त्यापेक्षा पुष्कळ अधिक काळ लागला. १८५७ च्या कायद्यातला क्रम आपल्या जिल्ह्याने जसाच्या तसा अनुभवला.

१९/२०
आता मूळ प्रश्नाकडे. 'स्टोक्सचा सिद्धांत सिद्ध करा' हे वाक्य १८५४ मध्ये कोडे होते. आज ते पाठांतर आहे. शब्द तेच, काम निराळे. म्हणून जुना प्रश्न टाकून द्यावा असे नाही. त्याच्या सोबतीला नवा प्रश्न हवा. हा धोका केवळ आपला नाही. १९६०च्या दशकाच्या आरंभी रिचर्ड फाइनमनने कॅलिफोर्नियात दिलेली व्याख्याने जगप्रसिद्ध झाली. त्यांचा दुसरा खंड मुख्यत्वे विद्युतचुंबकत्वाचाच. तरी परीक्षेतील उत्तरे पाहून खुद्द फाइनमनने प्रस्तावनेत निराशा नोंदवली. विद्यार्थ्यांनी स्वतः सोडवायचे प्रश्न अधिक असायला हवे होते, असेही त्याला वाटले. थोर व्याख्यान गृहपाठाची जागा घेऊ शकत नाही, एवढे यातून दिसते.

२०/२०
आजच्या श्रेयांक पद्धतीत अंतर्गत मूल्यमापनाला गुण आहेत. म्हणजे दीडशे वर्षांपूर्वी समुद्रापलीकडे राहून गेलेला तो आठवड्याचा कागद आता नियमात तरी आला आहे. तो औपचारिकता ठरतो की राउथच्या खोलीतल्यासारखा जिवंत होतो, हे तपासणाऱ्याच्या लाल शाईवर आणि सोडवणाऱ्याच्या प्रामाणिकपणावर अवलंबून आहे. धाराशिवमधील, उमरग्यातील, कळंबमधील विद्यार्थी मित्रहो, एक करून पाहा. पुस्तक मिटा, बोरीच्या पाण्यावरचे ते वर्तुळ डोळ्यांसमोर आणा आणि सिद्धता स्वतःच्या शब्दांत, वाटल्यास मराठीत, कोऱ्या कागदावर लिहा. जेथे अडाल, तेथेच १८५४ चा खरा प्रश्न सुरू होतो. उत्तरे आणि शंका खाली अवश्य मांडा. लेखनसीमा.